चारही चाकं फिरत होती, मग गाडी घसरली का?



आजचा पाठ कुठल्या पुस्तकातला नाही. तो आमच्या सहावीतल्या एका मुलाने विचारलेल्या प्रश्नावरून तयार झाला. प्रश्न शीर्षकात दिलाच आहे. तो त्याने मला का विचारला, ते आधी सांगते. त्यात माझी थोडी लाज आहे, पण पाठ तिथूनच सुरू होतो.

आमची शाळा सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्याच्या डोंगराकडच्या बाजूला आहे. लाल माती, जांभा आणि धो धो पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वरच्या वाडीला जाणारा रस्ता म्हणजे डांबर कमी आणि शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटून आलेला चिखलच जास्त. मागच्या जुलैत आमच्या भावजींनी नवी फोर बाय फोर गाडी घेतली आणि आठवडाभर मला वापरायला दिली. "वहिनी, बिनधास्त न्या, चारही चाकांना ताकद आहे." मी बिनधास्त नेली. शाळेचा चढ गाडी अशी चढली की खाली चिखल आहे हे मला कळलंही नाही. संध्याकाळी उतरताना मागच्या सीटवर माझी मुलगी आणि शाळेतली दोन मुलं होती. मोरीच्या अलीकडच्या वळणावर ब्रेक दाबला, पॅडल पायाखाली खडखडलं, स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी सरळच गेली. पुढचं डावं चाक चरीत उतरलं, तेव्हा कुठे थांबली. कुणाला खरचटलंही नाही. पण चर उजव्या बाजूला असती तर? उजवीकडे ओढा आहे.

दुसऱ्या दिवशी त्या दोघांपैकी एकाने भर वर्गात विचारलं, "बाई, चारही चाकं फिरत होती ना, मग गाडी घसरली का?"

मी गाडी चालवायला वयाच्या एकतिसाव्या वर्षी शिकले आणि डीएडला आम्हाला डिफरन्शियल कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा "उद्या सांगते" म्हणाले. तो उद्या यायला तीन आठवडे लागले. त्या काळात मी तात्यांच्या जुन्या जीपचं स्टिअरिंग हातात घेतलं (आम्ही शिक्षक मिळून पावसाळ्यात त्यांची जीप ठरवतो), भावजींची गाडी पुन्हा नीट लक्ष देऊन चालवली आणि बाकीचं वाचून समजून घेतलं.

आधी मैदानात

१५ ऑगस्टच्या कवायतीची तयारी चालू होती, त्यामुळे साहित्य आयतंच मिळालं. चार मुलांना एका ओळीत उभं केलं, हातात एक लांब काठी धरायला दिली आणि चालता चालता काटकोनात वळायला सांगितलं. आतला मुलगा जागच्या जागी पाय हलवतो, बाहेरचा जवळजवळ पळतो. हे मुलांना माहीतच असतं, कारण बाहेरच्या टोकाला उभं राहायला कुणी तयार नसतं!

मग चार मुलांची गाडी केली. सुतळीचा आयत, रुंदी दीड मीटर, लांबी २.४ मीटर. चार कोपऱ्यांना चार मुलं, म्हणजे चार चाकं. फक्कीने वळणाच्या रेघा आखल्या आणि सुतळीने मोजल्या. सातवीच्या मुलांनी वहीत हिशोब केला. मागचं आतलं चाक ५ मीटर त्रिज्येवर फिरलं तर पाव वर्तुळात ते सुमारे ७.८६ मीटर चालतं. मागचं बाहेरचं चाक ६.५ मीटर त्रिज्येवर असतं, ते सुमारे १०.२१ मीटर चालतं. एकाच दांड्यावरच्या दोन चाकांत सव्वादोन मीटरहून जास्त फरक! दोन्ही चाकं दांड्याला घट्ट जोडली तर एकाला फरफटत जावं लागेल. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची जोडणी असते. ती ताकद दोघांना देते, पण ज्याला जितकं फिरायचं तितकं फिरू देते. फ्रान्समधल्या ओनेझिफोर पेकर यांनी ती वाफेच्या गाडीसाठी वापरली, तीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, म्हणजे पेट्रोलच्या मोटारीच्या कितीतरी आधी.

इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. पुढची गोष्ट मला स्वतःला नवी होती. पुढची चाकं आणि मागची चाकं, यांचाही रस्ता सारखा नसतो. पुढची चाकं नेहमी मोठ्या वळणावरून जातात. (बैलगाडीवाले हे न शिकता ओळखतात, म्हणून तर मागचं चाक बांधाला घासू नये म्हणून बैल लांबून वळवतात.) पायथागोरस वापरून मुलांनी काढलं: मागच्या जोडीचा मध्य ५.७५ मीटर त्रिज्येवर असेल तर पुढच्या जोडीचा साधारण ६.२३ मीटरवर येतो. पाव वळणात पुढची जोडी पाऊण मीटर जास्त चालते.

हा पाऊण मीटर लक्षात ठेवा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमध्ये जो फरक आहे, तो या पाऊण मीटरचं काय करायचं यातूनच सुरू होतो.

तात्यांची जीप: सगळं सांगणारी

दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप, तीच पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत महिंद्रांनी जोडायला घेतली. १९८५ मध्ये आलेली जिप्सी, आजची थार, जिम्नी, या सगळ्यांची मूळ पद्धत एकच. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालते. छोटा गिअर ओढला की पुढची जोडी आणि मागची जोडी एकमेकींना घट्ट बांधली जाते. मध्ये डिफरन्शियल नाही. पाऊण मीटरला माफी नाही.

तात्यांनी मला मुद्दाम कोरड्या डांबरी पटांगणात फोर एच टाकून गाडी पूर्ण वळवायला लावली. स्टिअरिंग एकदम जड झालं. गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडली, मग टायरने चिरका आवाज करत उडी मारली, पुन्हा अडली. तात्या हसत होते. "आतून पीळ पडतोय बघा, मॅडम." शब्द अगदी बरोबर आहे. सुतळीला पीळ पडतो तसा पुढच्या-मागच्या दांड्यांत ताण साठतो आणि कुठलं तरी चाक घसरलं की सुटतो. छोटा गिअर परत निघत नव्हता, तेव्हा त्यांनी गाडी चार-पाच हात मागे घ्यायला लावली, पीळ उलगडला आणि गिअर सुटला. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. कोरड्या डांबरावर फोर एच टाकून फिरणं म्हणजे टायर आणि गिअरचं नुकसान.

तीच जीप चिखलात नेली तर पीळ पडतच नाही, कारण चाकं थोडी थोडी घसरून हिशोब मिटवतात. गाडी ट्रॅक्टरसारखी संथ, एका दमात चढते. आणि फोर एच टाकायच्या आधी, मागच्या दोन चाकांवर असताना, चिखल लागताच गाडीची शेपटी हलते. पोटात गोळा येतो, पण गाडी त्यातून सांगत असते की रस्ता गेला, आता हळू. काही जुन्या गाड्यांत तर भर पावसात खाली उतरून पुढच्या चाकांचे हब हाताने फिरवून जोडावे लागत. तुमची चप्पल चिखलात घसरली की रस्ता किती निसरडा आहे हे वेगळं विचारायला नको!

भावजींची गाडी: काहीच न सांगणारी

आता दुसरी पद्धत. डस्टरची चारचाकी ताकदीची गाडी आपल्याकडे २०१४ मध्ये आली. अलीकडे ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर यांच्या काही प्रकारांत अशीच सोय आहे. एरवी या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. मागच्या दांड्याच्या वाटेवर एक क्लच असतो, तो संगणकाच्या हुकमावर आवळतो किंवा सुटतो. पुढचं चाक घसरायला लागलं, किंवा घसरेल असं संगणकाला वाटलं, की क्लच आवळतो आणि मागची चाकं ढकलायला लागतात. कोरड्या वळणावर क्लच सैल, म्हणून पीळ नाही, उडी नाही, चिरका आवाज नाही.

दुसऱ्यांदा चालवताना मी काच खाली करून, गाणी बंद करून चढ चढले. तेव्हा जाणवलं. चढावर थांबून पुन्हा निघताना पुढचं चाक अगदी किंचित फिरकतं, स्टिअरिंग क्षणभर हलकं होतं, जणू हातातलं वजन कुणी काढून घेतलं, आणि लगेच पाठीमागून मऊ ढकल मिळते. सगळं मिळून एक पापणी लवेपर्यंत. बटण ऑटोवरून लॉकवर टाकलं की तो क्षणही जवळजवळ जातो, कारण क्लच आधीच आवळलेला असतो. रोजच्या वापराला ही पद्धत फार सोयीची आहे. मी आजही तात्यांच्या जीपपेक्षा हीच गाडी निवडेन, ते कबूल करते.

पण जुलैत गाणी चालू होती, काच बंद होती, मुलं गप्पा मारत होती. तो एक पापणीचा इशारा माझ्या हातातून निसटला. तात्यांची जीप जे ओरडून सांगते, ते ही गाडी कानात पुटपुटते, आणि पुटपुटणं ऐकायला लक्ष हवं.

एक गोष्ट पालकांसाठी मध्येच सांगते. या क्लचच्या गाडीला चारही टायर सारख्या मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असं केलं तर पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या कायम वेगळ्या पडतात आणि क्लचला विनाकारण राबून गरम व्हावं लागतं.

तिसरी पद्धत आणि एक रॅली

कायमस्वरूपी चारही चाकांना ताकद, आणि पुढच्या व मागच्या जोडीच्या मध्ये तिसरं डिफरन्शियल. पाऊण मीटरचा प्रश्न ते तिसरं डिफरन्शियलच सोडवतं. लँड रोव्हरच्या मोठ्या गाड्यांत ही पद्धत आहे, पण तिला नाव मिळवून दिलं ते आउडी क्वाट्रोने. १९७०च्या दशकात फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू असताना कमी ताकदीची फोक्सवागन इल्टिस ही लष्करी गाडी जास्त ताकदीच्या मोटारींना मागे टाकते, हे तिथल्या अभियंत्यांच्या लक्षात आलं आणि १९८०च्या जिनिव्हा प्रदर्शनात क्वाट्रो आली. १९८१ मध्ये तीच गाडी घेऊन मिशेल मूताँ या फ्रेंच चालिकेने इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री. हे वर्गात सांगितलं तेव्हा मुलींच्या बाकांवरून टाळ्या आल्या, विषय थोडा भरकटला, पण मी भरकटू दिला.

अशा गाडीत पावसात आणि कोरड्यात स्टिअरिंगची भावना जवळजवळ सारखीच राहते. चालू-बंद होणारं काही नाही, त्यामुळे धक्का नाही, वाट बघणं नाही. वळणातून बाहेर पडताना रेस दिली की चारही चाकं ओढून सरळ करतात. माझी नणंद कॅनडात कॅलगरीला असते, तिच्याकडे कायम चारही चाकांची गाडी आहे. तिला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "वहिनी, निघताना इतकी छान निघते की खाली बर्फ आहे हे पहिल्या सिग्नलला ब्रेक मारल्यावर कळतं. इकडे लोक गाडीपेक्षा हिवाळ्याच्या टायरवर जास्त पैसे लावतात ते उगीच नाही."

विजेच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. हॅरियर ईव्हीच्या एका प्रकारात पुढे एक आणि मागे एक अशा दोन वेगळ्या मोटारी आहेत. दोन्ही जोड्यांना जोडणारा दांडाच नाही, म्हणून पिळाचा प्रश्नच उरत नाही, आणि ताकद इकडून तिकडे करायला क्लचइतकाही वेळ लागत नाही. म्हणजे पुटपुटणंही आणखी हळू.

आणि ट्रॅक्टर? शेतकऱ्याच्या मुलांनी हा मुद्दा माझ्याआधी काढला. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. एक चाक चिखलात नुसतंच फिरायला लागलं, तर साधं डिफरन्शियल त्या मोकळ्या चाकालाच फिरवत बसतं आणि दुसरं चाक ढिम्म राहतं. तेव्हा बाबा त्या फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हळूच दाबतात आणि दुसरं चाक ओढायला लागतं. आजच्या गाड्यांत हेच काम संगणक करतो, चढावर चाक अडकलं की खालून कट-कट-कट असा आवाज येतो तो त्याचाच. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे संगणकाने आमच्या अण्णांचं चोरलं!"

आता उत्तर

वर्गात फळ्यावर दोन चित्रं काढली, एक चढणारी गाडी आणि एक उतरणारी. प्रत्येकीच्या कुठल्या चाकांना काम आहे तिथे मुलांनी खूण करायची. साधी गाडी चढताना दोन चाकांना काम. चारही चाकांच्या ताकदीची गाडी चढताना चौघांना. म्हणजे रस्त्यावरची पकड जवळजवळ दुप्पट वापरता येते, म्हणूनच निसरड्या चढावर इतका फरक वाटतो. आता उतरताना ब्रेक दाबला. साध्या गाडीत किती चाकांना ब्रेक? चार. फोर बाय फोर गाडीत? तेही चारच.

वर्गात शांतता. मग मागून आवाज आला, "म्हणजे उतरताना दोन्ही गाड्या सारख्याच!"

हेच उत्तर. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा कळते. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगात असली तर ब्रेक लागल्यापासून कोरड्या सपाट डांबरावर ती साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ओल्या डांबरावर १६ मीटर. डांबरावरच्या ओल्या चिखलात ३१-३२ मीटर. तोच चिखल दहाला एक अशा उतारावर असेल तर सुमारे ६३ मीटर! शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ११ मीटर गेलेली असते, ती वेगळीच. मुलांनी वऱ्हांड्यात खडूने ९ मीटरची रेघ मारली. ६३ मीटरची रेघ मारायला वऱ्हांडा पुरला नाही, ती मैदान ओलांडून फाटकाबाहेर, थेट अंगणवाडीपर्यंत गेली. तिथे उभा राहून एक जण ओरडला, "बाई, एवढं?" हो बाळा, एवढं. माझं मोरीचं वळण यापेक्षा खूप जवळ होतं.

चारही चाकं जोडलेली असण्याचा उतारावर एक खरा फायदा मात्र आहे, तो तात्यांनी दाखवला. ते वरूनच फोर एल आणि पहिला गिअर टाकतात आणि पाय ब्रेकवरून काढून घेतात. इंजिनच गाडीला धरतं, आणि पुढची-मागची जोडी बांधलेली असल्याने ते धरणं चारही चाकांत वाटलं जातं. गाडी गोगलगायीसारखी उतरते. भावजींच्या गाडीत फोर एल नाही. तिथे वरूनच खालचा गिअर घ्यायचा, आणि गाडीत उतारावर वेग धरणारं बटण असेल तर ते दाबायचं. ते बटण ब्रेक वापरूनच काम करतं, त्यामुळे टायरची पकड आहे तेवढंच ते करू शकतं.

सध्या मी हे करते. चिखल सुरू होतो त्या आंब्याच्या झाडाजवळ, मागेपुढे कुणी नाही असं बघून, अगदी हळू वेगात एकदा ब्रेक जरा जोरात दाबते. पॅडल खडखडलं तर कळतं की रस्ता गेला. गाडी स्वतःहून सांगत नाही, म्हणून मी तिला विचारते. पावसाळ्याच्या तोंडावर टायरच्या खाचा बघते. मुलं गाडीत असली की चिखलाच्या पट्ट्यात काटा वीसच्या वर जाऊ देत नाही.

ज्यांना वर्गात करायचं आहे त्यांच्यासाठी: सुतळी, फक्की आणि दोन तासिका पुरतात. पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी हिशोब सोडून द्या, बाटलीची दोन झाकणं एका काडीला घट्ट चिकटवून ती वळणावर ढकलायला लावा. एक झाकण फरफटतं, ते डोळ्यांना दिसतं. मग तीच झाकणं काडीवर मोकळी फिरतील अशी बसवून पुन्हा ढकला. ब्रेकच्या रेघा मात्र पहिलीच्या मुलांकडूनही आखून घ्या, रस्ता ओलांडणारे तेही आहेतच.

त्या सहावीतल्या मुलाने गेल्या आठवड्यात नवा प्रश्न आणला आहे. अण्णांचा ट्रॅक्टर रस्त्यावर आला की दोन्ही ब्रेकची पॅडलं कडीने एकत्र का जोडतात? मी उत्तर दिलेलं नाही, अण्णांनाच विचारून यायला सांगितलंय. तुमच्या वर्गातल्या मुलांनाही विचारून बघा, आणि काय उत्तरं आली ते कळवा.